उजव्या पायाचा संसार

पांढरं एनॅमलचं तसराळं, त्यात कोमट पाणी, बाजूला घडी घातलेला टॉवेल. चर्चच्या मागच्या सभागृहात ही मांडामांड झाली की आजींना तिथून उठून जावंसं वाटायचं. आजचीच गोष्ट नव्हे, कित्येक वर्षांची. पण मनात काहीही येवो, चेहऱ्यावर रेघ उमटू न देता खुर्चीत बसून राहायचं, हेही बाईमाणूस शिकतंच. त्याही शिकल्या होत्या.

त्या खुर्चीची हकिगत अशी. लग्न ठरलेल्या मुलामुलींना चर्चमध्ये लग्नाआधी एक वर्ग करावा लागे. फादर लग्नाचा संस्कार समजावून सांगत, एक डॉक्टरीणबाई येऊन संततिनियमनाचा नैसर्गिक मार्ग, कुठल्या दिवसांत काय, ते शिकवून जाई, आणि शेवटी एखादं मुरलेलं जोडपं आपला संसार उलगडून दाखवी. या चर्चचं मुरलेलं जोडपं म्हणजे चष्मेवाले आणि त्यांची बायको, म्हणजे याच आजी.

चष्मेवाल्यांचं बाजारात चष्म्यांचं दुकान होतं. आता ते मुलगा बघायचा. माणूस काचेसारखा स्वच्छ. नखं कापलेली, कॉलर कडक, बोलणं त्याहून कडक इस्त्रीचं. त्यांचं भाषण लोकांना पाठ झालं होतं, तरी दर वेळी नवं वाटे. "देह म्हणजे आत्म्याचं पाकीट नव्हे, की आतलं पत्र काढलं आणि पाकीट फेकलं. देह म्हणजे माणूसच. लग्नात आपण एकमेकांना वस्तू देत नाही, स्वतःला देतो. अर्धं नाही, राखून नाही, सगळं." 'सगळं' म्हणताना ते क्षणभर थांबत. मागच्या बाकावरच्या आया डोळे टिपत.

मग ते कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकत, बाह्या दुमडत आणि बायकोपुढे गुडघे टेकत. ही प्रथा पूर्वीच्या फादरांनी पाडली होती. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तर नवऱ्याला बायकोचे धुवायला काय धाड भरली आहे, असं ते म्हणत. चष्मेवाले बायकोचा उजवा पाय तसराळ्यात घेत, ओंजळीने पाणी घालत, टॉवेलाने टिपत. टाळ्या पडत. त्यानंतर मुलं मुलींचे पाय धूत, मुली मुलांचे, आणि हसत-लाजत वर्ग संपे.

उजवा पाय. दर वेळी उजवाच. उजवा झाला की टाळ्या सुरू होत, आणि टाळ्या झाल्यावर डाव्याची आठवण कुणाला राहणार? डावा पाय झग्याच्या घोळाखाली मोज्यात गप्प बसलेला असे. या पायाने सगळा संसार पाहिला, पण संसाराने त्याच्याकडे पाहिलं नाही.

तसं सुरुवातीला नव्हतं. लग्न झालं तेव्हा दुकानामागच्या एकाच खोलीत दोघं राहत. सगळीकडे काच घासल्याची बारीक पांढरी पूड. रविवारी चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर चष्मेवाले खिडकीपाशी बसत, बायकोचे दोन्ही पाय मांडीवर घेत आणि तिची नखं कापत. काचेची कड तासावी तसं, मान वाकडी करून. "हलू नको, नाहीतर नंबर चुकेल," म्हणत. ती हसून हसून लोळायची. एवढं हसायला आपल्याला कोणी शिकवलं होतं, असा तिला प्रश्न पडे.

ती इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे झगे. रक्त, पू, लघवी, ओकारी, बाळंतिणीच्या चादरी, मेलेल्यांच्या चादरी. पहिल्या आठवड्यात ती जेवली नाही. पुढे सवय झाली आणि सवयीच्याही पुढे एक माया आली. माणूस म्हणजे हेच की, असं वाटायला लागलं. घरी गेल्यावर अंघोळ केल्याखेरीज चष्मेवाले तिला कशाला हात लावू देत नसत. ते तिला पटे.

मुलगा चालायला लागला त्या सुमारास लाँड्रीतल्या मोठ्या पिंपाचा नळ निसटला. सोड्याचं उकळतं पाणी तिच्या डाव्या पायावर घोट्यापासून बोटांपर्यंत ओतलं गेलं. पाय महिनोन्महिने चिघळला. पट्टी सोडली की खोलीत वास भरायचा. एकदा तिने नवऱ्याला म्हटलं, "जरा टोक धरा ना, मला वाकता येत नाही." ते आले, वाकले, पट्टीचं टोक दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि तसेच उठून मोरीकडे धावले. ओकारीचा आवाज तिने ऐकला. त्यानंतर शेजारची म्हातारी नर्स येऊन पट्टी बदलून जाई.

पाय बरा झाला. म्हणजे पाय झाला, इतकंच. कातडी काळी-तांबडी, चुरगळलेल्या कागदासारखी. नखं शिंपल्यासारखी जाड आणि पिवळी, दोन तर आलीच नाहीत. चष्मेवाले दुकानात अंथरूण घालू लागले. "तुला आराम पडावा म्हणून," असं म्हणाले. आराम पडून वर्ष झालं, दोन झाली, अंथरूण काही आत आलं नाही.

आणि मग जी गोष्ट झाली, तिचाच आजींना आजवर वीट येत राहिला. चष्मेवाले पूर्वीच्या फादरांशी काय बोलले देव जाणे, पण एका रविवारी फादरांनी दोघांना थांबवून घेतलं. म्हणाले, "इतक्या तरुण वयात असा संयम! चर्च सांगतं त्याहून पुढे गेलात तुम्ही. तुम्हीच आता मुलांना शिकवा." चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. ती मान लाजेने खाली गेली होती, फादरांना वाटलं नम्रतेने. आणि बायकोला? तिलाही नम्रतेचीच वाटली. नवरा आपल्याला शिवत नाही, तो साधू आहे, अशी समजूत करून घेणं सोपं होतं. दुसरी समजूत गिळायला कठीण होती. ती तिने पुष्कळ वर्षांनी गिळली. पचली मात्र कधीच नाही.

आता या वर्गात त्यांची नात बसणार होती.

नात बालवाडीत शिकवायची. तिला शाळेत असल्यापासून सोरायसिस. कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठीवर, तळपायांवर तांबडे चट्टे, त्यांवर रुपेरी पापुद्रे. हा लागणारा रोग नव्हे, शिवल्याने पसरत नाही, पण हे दर दोन माणसांमागे एकाला सांगावं लागे. बालवाडीतल्या पोरांना सांगावं लागत नसे. ती तिचं कोपर धरून विचारत, "टीचर, हा कुठला देश आहे?" आणि बोटाने त्याच्या सीमा गिरवत. पोरांखेरीज बाकी सगळ्यांसमोर ती लांब बाह्या घाली.

तिचं लग्न ठरलं होतं बँकेतल्या एका मुलाशी. घरात सगळे त्याला बँकवालाच म्हणत. चांगला मुलगा. रोज सकाळी मिस्सेला जाणारा, वडीलधाऱ्यांपुढे आवाज न चढवणारा. वर्गाच्या दिवशी सकाळी आजी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. नात त्यांच्यासमोर पाव चहात बुडवत म्हणाली, "आजी, तो अगदी आजोबांसारखा आहे."

"म्हणजे कसा गं?"

"म्हणजे संयमी. हातसुद्धा धरत नाही. माझ्या मैत्रिणी चिडवतात, तुझा नवरा आहे की पुतळा. पण तो म्हणतो, लग्नाआधी नको. लग्नानंतरही घाई नको. आपण आधी मनाने जवळ येऊ."

आजींच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. "त्याने तुझे चट्टे पाहिलेत?"

"सांगितलंय मी सगळं. पहिल्याच भेटीत."

"सांगितलंस ते ऐकलं मी. पाहिलेत का?"

नातीने बाही मनगटापर्यंत ओढली. "एकदा बाही वर गेली होती. तो म्हणाला, झाकून घे, तुला थंडी वाजेल." मग तिने आजीकडे बघितलं. "उन्हाळा होता, आजी."

दोघींपैकी कुणीच हसलं नाही. नात म्हणाली, "मी उगाच शंका काढते का? लग्न पुढच्या महिन्यात आहे. आता काय शंका काढायच्या. तू सांग ना. तू इतकी वर्षं आजोबांबरोबर आहेस. त्यांचा संयम आणि याचा सारखाच ना?"

'सारखाच,' हा शब्द आजींच्या ओठांवर आला आणि तिथेच आंबला. सांगणार काय? भिंतीवरच्या फोटोत चष्मेवाले बिशपांच्या शेजारी उभे होते. सांगितलं तर पोर म्हणेल, म्हातारीचं डोकं फिरलं. नाही सांगितलं तर पोर उजव्या पायाचा संसार करील, जन्मभर.

"वर्गात ये," त्या म्हणाल्या. "पुढच्या बाकावर बस. आणि बघ. ऐकू नकोस, नुसतं बघ."

सभागृहात पाच-सहा जोडपी होती. नवे फादर तरुण होते, खरं बोलायचे. ते म्हणाले, "लोक म्हणतात, चर्चला देहाची लाज वाटते. उलट आहे. देहाला चर्चइतकं मानणारं दुसरं कोण आहे? देव स्वतः देह घेऊन आला. तेव्हा देहाने बोललेलं खोटं हे साध्या खोट्याहून मोठं." आजींना त्या पोराचं बोलणं आवडलं. शिकवण खरीच होती. खरी होती म्हणूनच तर इतकी शिसारी येत होती. नासकं दूध ओतून देता येतं. चांगल्या दुधात पडलेली पाल काढून तेच दूध रोज प्यायला लावलं तर माणसाने काय करावं?

मग चष्मेवाले उठले. पाकीट झालं, पत्र झालं. "अर्धं नाही, राखून नाही," ते म्हणाले, थांबले, "सगळं." मागून कुणीतरी नाक ओढलं. कोट खुर्चीवर गेला, बाह्या दुमडल्या गेल्या, गुडघे टेकले. त्यांनी नेहमीच्या जागी हात पुढे केला, उजव्या पायासाठी.

आजींनी डावा पाय पुढे केला. मोजा त्यांनी आधीच काढून पिशवीत ठेवला होता.

चष्मेवाल्यांनी वर पाहिलं. ओठ न हलवता म्हणाले, "अगं, हा नाही."

"हाच," आजी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण पुढच्या बाकापर्यंत पोचला. "उजवा स्वच्छ आहे."

आजींनी स्वतःच पाय तसराळ्यात ठेवला. त्या पांढऱ्या एनॅमलमध्ये तो आणखीच काळा दिसला, जळक्या भाकरीच्या कडेसारखा. चष्मेवाल्यांनी पाणी घातलं, पण ओंजळीने नाही. बाजूचा मग उचलून उंचावरून धार सोडली, रोपाला घालावी तशी. मग टॉवेल उचलला. टॉवेलाचं टोक दोन बोटांच्या चिमटीत धरून पायाला टेकवलं, न टेकवल्यासारखं. मान एका बाजूला वळलेली. गळ्याचं हाड वर गेलं, खाली आलं. आवंढा.

तीच चिमटी. आजींनी ती इतक्या वर्षांनी पुन्हा पाहिली आणि त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं. दुःख झालं नाही. नुसती किळस आली. पायाची नाही. त्या स्वच्छ, नखं कापलेल्या दोन बोटांची.

टाळ्या वाजल्या. सवयीच्या होत्या, उशिरा सुरू झाल्या आणि लवकर विरल्या. फादर टॉवेलाकडे बघत होते.

आता मुलांची पाळी. प्रत्येक जोडप्यासमोर एकेक प्लास्टिकचा टब आला. कुणी खिदळत होतं, कुणी गुदगुल्या करत होतं. एका मुलीने नवऱ्या मुलाच्या पायाला नाक लावून "कधी धुतला होतास?" विचारलं आणि सगळे हसले. नातीने सँडल काढल्या, मोजे काढले. तिच्या तळव्यांवर भेगा होत्या, टाचेला पापुद्रे सुटले होते. तिने पाय टबात ठेवले, दोन्ही, आणि ती बघत राहिली. आजीने सांगितलं होतं तसं.

बँकवाला गुडघ्यांवर बसला. त्याने डोळे मिटून क्रूसाची खूण केली. त्यानंतर पाण्याचा मग उचलला. पाण्यावर दोन पापुद्रे तरंगून आले तसा त्याचा हात थबकला. तो हसला, गोड हसला, आणि टॉवेल घेतला. दोन बोटांत. मान एका बाजूला.

नातीने मान वळवून आजीकडे पाहिलं. आजी मोजा घालत होत्या. त्यांनी मान हलवली नाही, डोळे हलवले नाहीत. गरजच नव्हती.

वर्ग संपल्यावर बाहेरच्या फरसबंद अंगणात नात आणि बँकवाला उभे होते. आजी जवळच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना उठायला सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही. म्हातारी माणसं बाकासारखीच असतात, त्यांच्यासमोर लोक बिनधास्त बोलतात.

"तुला माझी किळस येते का?" नातीने विचारलं. भांडणाचा सूर नव्हता. बालवाडीत 'कुणी सांडलं' विचारतात तसा.

"काय बोलतेस."

"येते का?"

बँकवाल्याचा चेहरा उतरला. पोरगा खोटारडा नव्हता, एवढं त्याच्या पदरात टाकलं पाहिजे. "मी रोज प्रार्थना करतो," तो म्हणाला. "की मला जमू दे. देव मला ताकद देईल. प्रत्येकाला आपापला क्रूस वाहावा लागतो. मी तुला कधीही जाणवू देणार नाही, बघ. वचन देतो."

"म्हणजे मी तुझा क्रूस."

"तसं नाही गं. चांगल्या अर्थाने."

"चांगल्या अर्थाने," नात म्हणाली. तिने बाही कोपराच्या वर सारली आणि खाजवलं. पापुद्रे फरशीवर पडले. तो अर्धं पाऊल मागे सरला. सरायचं नव्हतं त्याला, पाय आपोआप सरला. "तू वाईट नाहीस. पण तू माझ्यासाठी तपश्चर्या करणार, लोक तुला संत म्हणणार, आणि मी घरात बसून तुझी तपश्चर्या बघणार. मला कुणाचा क्रूस नाही व्हायचं. बायको व्हायचं होतं."

अंगठी बोटातून निघेना, बोट सुजलं होतं. तिने थुंकी लावली आणि ओढून काढली. त्याने ती तळहातावर घेतली. घेताना त्याच्या चेहऱ्यावरची सुटका आजींनी पाहिली आणि त्यांना वाटलं, फादरांनी आज शिकवलं तेवढं पुरेसं झालं.

घरी परतताना चष्मेवाले पुढे चालत होते. दाराशी आल्यावर म्हणाले, "चारचौघांत माझी शोभा केलीस. आणि पोरीचं लग्न मोडलंस."

"शोभा कसली त्यात? पायच धुवायचे होते ना?"

"इतक्या वर्षांत मी तुला एक वाईट शब्द बोललो नाही."

"नाही बोललात," आजी म्हणाल्या. "शब्दांबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती."

ते मोरीत गेले. नळ सुरू झाला. साबणाची वडी ताटलीवर टेकल्याचा आवाज, पुन्हा उचलल्याचा, पुन्हा टेकल्याचा. हा आवाज आजींनी जन्मभर ऐकला होता आणि त्याला स्वच्छता म्हटलं होतं.

चर्चमधलं पांढरं तसराळं त्यांनी येताना उचलून आणलं होतं. ते मुळात त्यांचंच, लाँड्रीतून निवृत्त होताना बायकांनी दिलेलं. चर्चला उसनं दिलं होतं, चर्चने ठेवून घेतलं. फादरांनी दारापर्यंत येऊन विचारलं होतं, "आजी, पुढच्या वर्गाला येणार ना?" त्या म्हणाल्या होत्या, "येईन, फादर. एकटी येईन. मला भाषण येत नाही, पण लग्नात काय राखून ठेवलं जातं, ते मुलांना दाखवता येईल." फादरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "या." नुसतं तेवढंच.

नात स्वयंपाकघरात टेबलावर डोकं ठेवून बसली होती. रडून झालं होतं, नाक वाहत होतं. आजींनी तसराळ्यात कढत पाणी ओतलं, गार मिसळलं, मूठभर मीठ टाकलं आणि जमिनीवर ठेवलं. आपला डावा पाय आत घातला.

"मलाही जागा कर ना," नात म्हणाली आणि आपलेही पाय आत कोंबले. तसराळं लहान, पाणी काठावर आलं. पापुद्रे वर तरंगायला लागले. आजींचं एक जाड नख तिच्या टाचेला टोचलं.

"शी," नात म्हणाली.

"शीच की," आजी म्हणाल्या. वाकून त्यांनी ते बेढब नख कापायची कात्री शोधायला ड्रॉवर उघडला. सापडली नाही. ती चष्मेवाल्यांच्या कपाटात असायची. मग नातीने आजीचा पाय पाण्यातून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, ओला आणि गळणारा, आणि पिशवीतून बालवाडीतली कागद कापायची बोथट कात्री काढली.

"हलू नको," ती म्हणाली.

आजी हलल्या नाहीत. मोरीतला नळ अजून चालूच होता.